भाचीच्या बघण्याला नेलेले दिवे

दादाचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत शिडीवर होते. कामाच्या वेळी तो मला कधी फोन करत नाही. खरं म्हणजे एरवीही फारसा करत नाही. आम्ही दोघं भावंडं एकाच रियाधमध्ये राहतो, पण दिवाळीचा फराळ आणि कुणी वारल्याची बातमी यापलीकडे आमची देवाणघेवाण जात नाही. त्यामुळे मला वाटलं, साताऱ्याच्या घरून काहीतरी वाईट बातमी आली. घाईघाईनं खाली उतरले, बाहेर जाऊन फोन घेतला, तर म्हणतो, "तुझ्याकडे ते शूटिंगचे दिवे असतात ना, त्यातले दोन येत्या शुक्रवारी घरी आणता येतील का?"

म्हटलं, कशाला? तर मुलीला बघायचा कार्यक्रम आहे. मुलाकडचे पुण्यात, हे इथं, तेव्हा पहिलं बघणं व्हिडिओ कॉलवर करायचं ठरलंय. "आणि तुला माहितीच आहे," दादा म्हणाला, "आपल्या हॉलमध्ये ती जरा... म्हणजे उजेड नीट पडत नाही."

हॉलमध्ये उजेड नीट पडत नाही. दादा बँकेत आहे, आणि बँकेतली माणसं काय सुंदर बोलतात. मुलगी सावळी आहे एवढं म्हणायला त्याला आख्खा हॉल मधे घालावा लागला.

माझं काम दिवे लावायचं. सिनेमा-टीव्हीच्या शूटिंगला कॅमेऱ्यासमोरचा उजेड जमवणारी जी टोळी असते, तिची मी मुख्य. उमेदीची वर्षं मुंबईत मालिकांच्या सेटवर गेली. तिथं तेव्हा जुने गरम दिवे होते. पेटले की भट्टी, हात लागला की चटका, आणि वजन असं की उचलायला दोन गडी लागत. बाईमाणसानं या धंद्यात काय करायचं, असं लोक म्हणायचे, आणि वजनाचं कारण दाखवायचे. मग एलईडी पॅनल आले. पाटासारखे चौकोनी, पातळ, थंड. एकट्या बाईनं स्टँडवर चढवावेत आणि उजेडाचा जोर, रंग, सगळं फोनवरच्या ॲपमधून अंगठ्यानं फिरवावं. वजनाचं कारण गेलं. बोलणारे बोलतच राहिले, ते सोडा.

इथं टीव्हीचं काम वाढलं तसं बायकांच्या कार्यक्रमांना टोळीतही बायका हव्यात अशी मागणी झाली, आणि मला इकामा, म्हणजे इथं राहून काम करायचा परवाना, मिळाला. अल मलाझमधल्या एका जुन्या इमारतीत मी खोली घेऊन राहते. दादाचं घर उत्तरेला, परदेशी लोकांच्या बंदिस्त वसाहतीत, म्हणजे कंपाउंडमध्ये, पोहण्याच्या तलावासकट. त्यांच्याकडे मराठी मंडळी जमली की वहिनी माझी ओळख करून देते, "ही क्रिएटिव्ह फील्डमध्ये आहे." एकदा कुणीतरी खोदून विचारलं तेव्हा मीच म्हटलं, मी लाइटवाली आहे. वहिनीनं लगेच पुरणपोळीचं ताट फिरवायला घेतलं. त्यानंतर एका बाईंनी मला कोपऱ्यात गाठून विचारलं, मुलाच्या वाढदिवसाला लुकलुकणाऱ्या माळा लावून द्याल का?

त्या घरात माझ्या कामाबद्दल आस्था असलेली एकच व्यक्ती होती, भाची. दादाची एकुलती एक. लहानपणी सुट्टीत मुंबईला यायची तेव्हा माझ्याबरोबर सेटवर यायची, दिव्यांच्या पेटीवर बसून पाय हलवत मी काय करते ते बघायची. आता ओलायातल्या एका कन्सल्टन्सीत नोकरी करते, स्वतःची गाडी चालवते, आईबापाशी इंग्रजीत भांडते आणि माझ्याशी मराठीत बोलते. मोडकंतोडकं, पण मराठीत. गेल्या वर्षी तिला घरी कसलेसे व्हिडिओ करायचे होते, म्हणून माझ्या खोलीवर आली. जमिनीवर बसून आम्ही खिचडी खाल्ली आणि मी माझा स्वतःचा छोटा पॅनल काढून तिला सगळं शिकवलं. तिच्या फोनवर ॲप टाकून दिलं, दिवा कसा जोडायचा, जोर कसा कमी-जास्त करायचा, ते दाखवलं. तिच्या हातावर उजेड टाकून म्हटलं, बघ, आपल्या कातडीवर किती छान बसतो. आपल्या म्हटलं मी. कारण तिचा रंग माझा आहे.

घरात दुसऱ्या कुणाचा नाही. दादा उजळ, वहिनी तर केतकीच्या रंगाची. ही जन्मली तेव्हा आमच्या आईनं पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "आत्यावर गेली." त्यात कौतुक नव्हतं.

आत्यावर जाणं म्हणजे काय, ते सांगते. माझं बघण्याचं वय झालं तेव्हा वडिलांनी साताऱ्यातल्या एका फोटोग्राफरकडून माझा फोटो काढून घेतला. त्यानं दोन मोठे दिवे माझ्या तोंडावर असे सोडले की डोळ्यांतून पाणी आलं. फोटो हातात आला, त्यात सोललेल्या अंड्यासारखी एक मुलगी होती. गोरीपान, गुळगुळीत. तो फोटो बघून माणसं यायची, पोहे खायची, मला पुस्तक वाचून दाखवायला सांगायची, आणि निघताना त्यांतली एखादी बाई दारात चपला घालता घालता आईला म्हणायची, "फोटोत उजळ वाटली होती हो." किती घरांनी असं म्हटलं ते मोजत बसले नाही. शेवटी मीच सांगितलं, आता पुरे, पोहे आपले आपणच खाऊ. मी लग्न केलं नाही. त्याचं दुःख झालं नाही असं कसं म्हणू? झालं. पण दुःखापेक्षा राग जास्त होता आणि तो अजून तसाच आहे. केस पिकले, राग काही पिकला नाही.

धंद्यात आल्यावर कळलं की त्या फोटोग्राफरला काम येत नव्हतं. सावळ्या चेहऱ्यावर भडाभडा उजेड ओतायचा नसतो. मोठा पॅनल बाजूनं लावायचा, पुढे पांढरं कापड धरून मऊ करायचा, किंचित पिवळसर ठेवायचा, हिरवट झाक काढून टाकायची. मग गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या कडेवर उजेड नुसता टेकतो, आणि चेहऱ्याला असं पाणी चढतं की गोऱ्या बाईनं हेवा करावा. हे मी इथं रोज करते. इथल्या कार्यक्रमांत पुरुषांचा पांढराशुभ्र पायघोळ थोब आणि बायकांचा काळाकुळकुळीत अबाया एका चौकटीत शेजारी बसतात, आणि चेहरे सगळ्या रंगांचे असतात. ज्याला हे सांभाळता येत नाही त्याला दिग्दर्शक दुपारपर्यंत खलास, म्हणजे तुझं काम संपलं, म्हणून मोकळा होतो. मला अजून कुणी खलास म्हटलेलं नाही.

म्हणून मी दादाला हो म्हटलं. ताकापुरती आजी म्हणून बोलावलंय, हे मला कळत होतं. पण मी मनाशी ठरवलं होतं, माझ्या बाबतीत झालं ते या पोरीच्या बाबतीत होऊ द्यायचं नाही. ती जशी आहे तशी, चांगल्या उजेडात, त्या लोकांना दिसली पाहिजे. मग हो म्हणू देत नाहीतर नाही म्हणू देत. नाही म्हणायचं तर तिचा चेहरा बघून म्हणू देत.

शुक्रवारची नमाज आटोपली होती, रस्ते अजून रिकामे होते. दोन पॅनल, स्टँड, पांढरं कापड आणि माझा कॅमेरा टॅक्सीत घालून निघाले. दिवे स्टुडिओच्या मालकाला विचारून घेतले होते. घरात लग्नाची बोलणी आहेत म्हटल्यावर त्यानं मबरूक म्हणून अभिनंदन केलं आणि वर एक जादा केबल दिली.

वहिनीनं दारातच "या वन्सं" म्हणून स्वागत केलं. एरवी ती मला नावानं हाक मारते. वन्सं म्हणाली की समजायचं, काम अवघड आहे.

मुलीसाठी त्यांनी खुर्ची मांडली होती ती नेमकी मोठ्या खिडकीला पाठ करून. खिडकीबाहेर रियाधची दुपार. पाठीमागे एवढं ऊन घेऊन बसवलं तर वहिनीसुद्धा कोळशासारखी दिसेल. बरं, खिडकीच का? तर मागे कंपाउंडचा तलाव दिसतो. मुलीचं तोंड दिसलं नाही तरी चालेल, तलाव दिसला पाहिजे. मी पडदे ओढले, छतावरच्या ट्यूब बंद केल्या, खुर्ची पुस्तकांच्या कपाटाजवळ नेली. लॅपटॉपचा कॅमेरा भिकार होता म्हणून माझा जोडला. हे कॅमेरे उजेड वाढला की आपणहून चित्र काळं करतात, कमी झाला की उजळ करतात. मी ते बंद करून टाकलं. समोर जेवढा उजेड असेल तेवढाच दाखव, स्वतःची अक्कल चालवू नको, असं त्याला बांधून ठेवलं. हेच पुढे नडलं.

भाची जिना उतरून आली. अबोली साडी. अबोली का, तर त्या रंगात मुलगी उजळ दिसते असं वहिनीच्या बहिणीचं मत. तोंडावर पावडरचा असा थर की मान एकीची आणि तोंड दुसरीचं वाटावं. मी तिला सरळ बेसिनपाशी नेलं आणि तोंड धुवायला लावलं.

"थँक गॉड, आत्या," ती हसून म्हणाली. "मला शिंका येत होत्या."

एवढ्यावर मी समजले की ही माझ्या बाजूची आहे. असं समजून बसायची घाईच फार मला.

एक पॅनल डावीकडून, कापडाआडून. दुसरा मागून, केसांच्या कडेपुरता. दादानं चित्र मोठ्या टीव्हीवर घेतलं होतं, त्यात बघत मी अंगठ्यानं उजेड सरकवत राहिले आणि एका जागी थांबले. टीव्हीवर माझी भाची होती. सावळी, तजेलदार, डोळ्यांत उजेडाचे दोन बारीक चौकोन, वरच्या ओठावरची ती कुणाच्या लक्षात न येणारी लव. मी तिला पाळण्यात असल्यापासून बघतेय, पण मलाही वाटलं, अरे, अशी आहे होय ही. ती मांडणी मी ॲपमध्ये जपून ठेवली, पुन्हा लागली तर असावी म्हणून.

वहिनी टीव्हीजवळ जाऊन म्हणाली, "हे काय? ही तर आहे तशीच दिसतेय."

"मग कशी दिसायला हवी?"

"अहो वन्सं, तेवढ्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं. आहे तशी तर ती ट्यूबलाइटमध्येही दिसते."

दादा मधे पडला. "थोडं ब्राइट कर ना. तुमच्या टीव्हीवरच्या बायका दिसतात तशी."

"त्या बायका तशाच असतात, दादा. मी त्यांना काही वेगळं करत नाही."

"उगाच काहीतरी सांगू नकोस."

"माझा फोटो आठवतो का तुला?" मी विचारलं. "साताऱ्याचा?"

दादानं चष्मा काढून पुसायला घेतला. तेव्हा पाहुण्यांना एसटी स्टँडवरून घरी आणायला तोच जायचा आणि तासाभरानं परत पोचवायलाही तोच. त्याला आठवत नसेल असं होणारच नाही. तो काचा पुसत राहिला, तेव्हा वहिनी बोलली.

"तेच म्हणतेय मी. तुमचं झालं ते तिचं व्हायला नको."

पोह्यांवर खोबरं भुरभुरावं इतक्या सहज बोलली ती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. वाटलं, पॅनल उतरवावेत, पेटीत घालावेत आणि चालू पडावं. भाची माझ्याकडे बघत होती म्हणून थांबले. मी म्हटलं, "उजेड आहे असाच राहील. नको असेल तर दिवे काढून नेते. तुम्ही ट्यूब लावा आणि बसवा तिला तलावापुढे." एवढ्यात पुण्याचा कॉल वाजायला लागला आणि वाद तिथंच राहिला.

पोहे होतेच. पुण्यात बसलेली माणसं ते खाणार नव्हती, तरी वहिनीनं केले होते आणि भाचीनं बशी कॅमेऱ्यासमोर धरून "मी केलेत" म्हणायचं, असं ठरलं होतं. गंमत म्हणजे तिकडेही तिघांच्या हातात पोह्यांच्या बशा होत्या. मुलगा मधे, आई एका बाजूला, वडील दुसऱ्या बाजूला, वर ट्यूबलाइट. तिघांच्या डोळ्यांखाली सावल्या पडल्या होत्या आणि मुलाचं टक्कल लखलखत होतं. त्यांच्या उजेडाची काळजी कुणी केली नव्हती. मुलाकडच्यांना कशाला लागतो उजेड.

नमस्कार झाले, आवाज येतोय का, येतोय, झालं. मग मुलाच्या आई पुढे वाकल्या, त्यांनी डोळे बारीक करून पडद्यात बघितलं.

"मुलगी," त्या म्हणाल्या, आणि एक श्वास घेतला, "छान आहे."

तो श्वास मी ओळखते. आमच्या दारात चपला घालताना त्या सगळ्या बायका तोच घ्यायच्या.

भाचीनंही तो ऐकला. मी तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होते, माझी सवयच ती, म्हणून पुढचं मला सगळ्यांच्या आधी दिसलं. तिच्या गालावरचा उजेड हलला. आधी वाटलं, विजेचा दाब कमी-जास्त झाला. मग आठवलं, हे पॅनल बॅटरीवर चाललेत. उजेड पुन्हा वाढला. पिवळसर झाक गेली, पांढरी आली. मी माझ्या फोनकडे बघितलं, मी काही केलेलं नव्हतं. मग तिच्या हातांकडे बघितलं. पदराखाली, मांडीवर, तिचा फोन. माझ्या खोलीत खिचडी खाता खाता मी जे टाकून दिलं होतं तेच ॲप, या कंपनीचा कुठलाही दिवा त्याला जोडता येतो. समोर बघून गोड हसत, "हो काकू, मला सगळा स्वयंपाक येतो," असं सांगत ती अंगठा वर सरकवत होती.

कॅमेरा मी बांधून ठेवला नसता तर त्यानं आपणहून सावरून घेतलं असतं. आता जे येईल ते तो मुकाट दाखवत होता. आधी कपाळ गेलं. मग गालाची हाडं गेली. मग नाक गेलं, म्हणजे खाली दोन नाकपुड्या उरल्या आणि वरचं सगळं पुसलं गेलं. टीव्हीवर सोललेल्या अंड्यासारखी एक मुलगी बसली होती. साताऱ्याच्या फोटोतली.

मी पुढे होऊन दिवा बंद करू शकले असते. पण मग तिच्या मांडीवरचा फोन सगळ्यांना दिसला असता, पुण्यातल्या लोकांनासुद्धा. माझ्याच्यानं ते झालं नाही. कपाटाजवळ उभी राहून मी ती नाहीशी होताना बघत राहिले. वहिनी माझ्याकडे बघून मान डोलवत होती. तिला वाटलं, शेवटी वन्संनी ऐकलं.

"आता कसं क्लिअर दिसतंय," पुण्याच्या बाई मोकळ्या आवाजात म्हणाल्या. "मघाशी नेट स्लो होतं वाटतं तुमचं."

कॉल संपला. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. सगळी आत गेल्यावर मी सामान आवरायला घेतलं, तेव्हा भाची परत आली आणि कॅमेऱ्याची केबल गुंडाळायला मदत करू लागली. आता ती काहीतरी बोलेल म्हणून मी गुंडाळलेली केबल सोडून पुन्हा गुंडाळली. ती म्हणाली, "छान झालं ना, आत्या?"

मी म्हटलं, झालं.

पुण्याहून होकार आला. ईदच्या सुट्टीत दादाकडचे तिघं भारतात गेले आणि समोरासमोर भेटून आले. परतल्यावर मला कुणी काही कळवलं नाही, तेव्हा मीच गेले, हातात मिठाईचा डबा घेऊन, वेड्यासारखी. वहिनीनं दार उघडलं आणि मला नावानं हाक मारली.

मोडलं होतं. मुलाच्या आईनं हॉटेलच्या दारातच मुलीला बघितलं आणि म्हणाली, "व्हिडिओवर वेगळी वाटली होती हो." नंतर मध्यस्थाकडून निरोप आला, पहिल्याच भेटीत जे फसवतात त्यांच्याशी सोयरीक कशी करायची?

"तुझ्या दिव्यांनी घात केला," वहिनी मला म्हणाली. "नाकसुद्धा दिसत नव्हतं म्हणे तिचं. त्यांना वाटलं, मुलगी नकटी आहे. एवढं भगभगीत करायला कुणी सांगितलं होतं? आम्ही म्हणतच होतो, साधंच ठेव."

आम्ही म्हणतच होतो. मी दादाकडे बघितलं. दादा चष्मा पुसत होता. आयुष्यात जिथं जिथं बोलायला हवं होतं तिथं तिथं या माणसानं चष्मा पुसलाय. त्याच्या काचा अजून शिल्लक कशा राहिल्या, देव जाणे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. पण चोर दाखवायचा तर मला जिन्याकडे बोट करावं लागलं असतं. भाची जिन्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिला वेळ दिला. वहिनीकडे पाणी मागितलं, ते सावकाश प्यायले, पेला स्वयंपाकघरात नेऊन विसळून ठेवला. परत येऊन बघितलं तर जिना रिकामा होता.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? मिठाईचा डबा टेबलावर ठेवला आणि निघाले. टॅक्सीत बसल्यावर रडू आलं. लग्न मोडलं म्हणून नाही. त्या श्वास घेणाऱ्या बाईच्या घरी आमची पोर गेली नाही हे बरंच झालं. तिनं एक वाक्य बोलायचं होतं. "मीच केलं ते," एवढंच. मी त्याच क्षणी सगळं विसरले असते. तिच्या जागी मी असते, माझ्या हातात त्या वयात असा फोन असता, तर मी अंगठा सरकवला नसता का, असा प्रश्न चांगली माणसं स्वतःला विचारतात. मला विचारायचा नव्हता. मला राग आला होता, आणि टॅक्सीवाल्यानं आरशातून बघितलं तरी मी रडत राहिले.

मधे काही आठवडे गेले. मग एका संध्याकाळी भाचीचा मेसेज आला, खाली ये. मगरिबच्या नमाजाआधीची वेळ. आमच्या इमारतीसमोर तिची गाडी उभी होती, ती ऑफिसमधून परस्पर आली होती. मावळतीचं ऊन समोरच्या भिंतीवर आपटून, मऊ होऊन तिच्या डाव्या गालावर येत होतं. तसा उजेड स्टुडिओत जमवायला माझा अर्धा दिवस जातो.

"चिडलीयेस?" तिनं विचारलं.

"हो."

"ओके," ती म्हणाली. "शुक्रवारी दुसरं स्थळ आहे. नाशिकचे."

माझा राग किती पोकळ होता बघा. मी लगेच म्हटलं, "मी येते. नीट लावून देते. त्या दिवशी पहिल्यांदा लावले होते ना, ते मी जपून ठेवलंय. तसंच लावते."

"तसं कुणाला बघायचंय, आत्या?"

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. तेच मला सहन झालं नाही. पार्किंग कुठं मिळेल असं विचारावं तसं तिनं विचारलं. मला बघायचंय म्हणाले असते, पण आत्यानं बघून कुणाची लग्नं होत नाहीत.

"तू येऊ नको," ती म्हणाली. "मम्मी काहीतरी बोलेल, ऑकवर्ड होईल. फक्त तो छोटा पॅनल दे ना. तुझा स्वतःचा आहे ना तो? मी लावते."

मी वर गेले. पॅनल, त्याचा स्टँड, चार्जर, सगळं पिशवीत घातलं, आणि घालताना पांढरं कापडही घडी करून ठेवलं. का ठेवलं मला माहीत नाही. खाली येऊन पिशवी मागच्या सीटवर ठेवली. ती निघता निघता थांबली, काच पूर्ण खाली केली.

"आत्या, एक सांग. किती वर ठेवू? म्हणजे गोरी पण दिसेन आणि नाक पण राहील."

मनात आलं, चुकीचं सांगावं. शुक्रवारी दिसू दे पडद्यावर आहे तशी, मग होऊ दे काय व्हायचं ते. पण ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी दिव्यांच्या पेटीवर बसून बघायची तशीच, आत्याला सगळं येतं अशा खात्रीनं. मी खिडकीत वाकले, तिचा फोन हातात घेतला आणि बरोबर ते लावून दिलं. जोर इथपर्यंत, याच्या वर न्यायचा नाही. रंग इतका पांढरा, याहून पांढरा केलास तर ओठ निळे पडतील. पॅनल समोरून लावू नकोस, जरा बाजूनं लाव, म्हणजे नाकाला कड राहील.

तिनं ते फोनमध्ये जपून ठेवलं. "यू आर द बेस्ट, आत्या," म्हणाली. मग काच वर केली, ऊन लागून काळं पडू नये म्हणून डाव्या खिडकीला पडदी ओढली आणि गाडी काढली.